राखणदार धन्यालाच अडवतो तेव्हा

घराच्या राखणीसाठी कुत्रा पाळावा आणि एखाद्या अपरात्री त्याने धन्यालाच उंबऱ्याशी रोखून धरावे, अशी गत मोटार बाळगणाऱ्या पुष्कळांची केव्हा ना केव्हा होते. गाडी चोरीस जाऊ नये म्हणून आपण बाजारातून एक धोक्याची घंटा आणून तीत बसवतो. तिला आपण सारे अलार्म म्हणतो. ही घंटा नुसती ओरडत नाही; परक्याने चावी फिरवली तर इंजिन सुरूच होऊ नये, अशीही तजवीज तिच्या पोटात असते. आणि मग एखाद्या दिवशी आपला कोण व परका कोण हा तिचा विवेक सुटतो, आणि ज्याने पैसे मोजून तिला घरी आणले त्यालाच ती अडवून धरते.

विषय तसा गॅरेजच्या दारात उभे राहून बोलण्याचा. मी मोटारीचा कारागीर नव्हे. बेळगावात मुलांना शिकवणारा एक शिक्षक आहे. तरीही आज या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, याचे कारण एका रात्री या घंटेने माझी परीक्षा घेतली आणि तीत मी साफ नापास झालो. नापास झालेला विद्यार्थी तोच धडा पुढे कधी विसरत नाही, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नाताळची सुट्टी लागली होती आणि आम्ही उभयता निपाणीस अक्काकडे गेलो होतो. आईचे वास्तव्य तिच्याकडेच असते. संध्याकाळी संकेश्वर मागे टाकून तवंदीचा घाट उतरलो, तेव्हा गाडीची कसलीच कुरकुर नव्हती. रात्री दोनच्या सुमारास आईला धाप लागली. दमा तिचा जुना; पण त्या रात्रीची धाप नेहमीची नव्हती. गल्लीतले डॉक्टर उठून आले, त्यांनी इंजेक्शन दिले आणि सांगितले, "इथे थांबू नका. कोल्हापूरला न्या." निपाणीहून कोल्हापूर चाळीसएक किलोमीटर. कोगनोळीचा नाका, दूधगंगेचा पूल, कागल आणि मग कोल्हापूर. रात्रीच्या मोकळ्या रस्त्याने पाऊण तासाची वाट. रुग्णवाहिकेची वाट पाहण्यापेक्षा दारात उभी असलेली गाडी बरी, असे मला वाटले. आईला मागच्या आसनावर बसवले, अक्काने तिला खांद्याशी धरले आणि मी चावी फिरवली.

सेल्फ खणखणीत फिरला. इंजिन मात्र धरेना.

त्यानंतरच्या वीस मिनिटांत मी आणि दाजींनी काय काय केले, ते आज सांगताना संकोच वाटतो. मी रिमोटचे बटण दाबले, पुन्हा दाबले, त्याचा सेल काढून सदऱ्याला पुसून परत घातला. गडबडीत भलतेच बटण दाबले गेले आणि भोंगा असा काही किंचाळला, की सारी गल्ली जागी झाली. दाजी म्हणाले, पेट्रोल संपले असेल. काटा अर्ध्यावर होता. बॅटरीची टोके आवळून पाहिली. चार जणांनी धक्का दिला. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि तिथे मुकाट उभी राहिली. मी सेल्फ मारीतच होतो. अखेरीस तोही कण्हू लागला. तेवढ्यात शेजारचे तंबाखूचे व्यापारी पुढे आले आणि म्हणाले, "मास्तर, ती राहू दे आता. मी टेंपो काढतो." तंबाखूच्या वासाच्या त्या टेंपोत, चालकाच्या शेजारी, घोंगडीत गुंडाळून आई कोल्हापुरास गेली. दवाखान्यात प्राणवायू लागला, औषधे लागली, चौथ्या दिवशी ती चालत घरी आली. ईश्वरकृपेने सारे निभावले. परंतु त्या वीस मिनिटांत तिच्या ओठांचा रंग बदलत चालला होता, तो मी अजून विसरलेलो नाही.

दोन दिवसांनी निपाणीतलाच एक तरुण वायरमन गाडी पाहावयास आला. वय असेल पंचविशीचे. त्याने बॉनेट उघडले नाही, पाने-पकडी काढल्या नाहीत. बॅटरी आम्ही तोवर चार्ज करून आणली होती. तो मागच्या आसनावर जाऊन बसला आणि म्हणाला, "सर, नुसती चावी फिरवा. सेल्फ मारू नका." मी चावी फिरवली. तो कान देऊन बसला. मग म्हणाला, "पंप बोलत नाही."

श्रोतेहो, एवढ्या तीन शब्दांत त्याने रोगाचे निदान केले होते. इंजेक्शन पद्धतीच्या पेट्रोल गाडीत टाकीच्या आत विजेवर चालणारा छोटा पंप असतो. चावी फिरवताच तो सुमारे दोन सेकंद घूं असा आवाज करून नळीत पेट्रोलचा दाब भरतो आणि थांबतो. हा आवाज मी वर्षानुवर्षे रोज ऐकत होतो, परंतु तो ऐकतो आहे हेच मला ठाऊक नव्हते. त्यामुळे त्या रात्री तो आला नाही, हेही ध्यानात आले नाही. असलेला आवाज कोणीही ऐकतो. नसलेला आवाज ऐकायला जाणकार लागतो.

पुढचे काम पाव तासाचे होते. सुकाणूच्या खालचे प्लॅस्टिकचे झाकण त्याने काढले. आत अलार्म बसवणाऱ्याने पंपाकडे जाणारी वायर मधोमध तोडली होती आणि तिची दोन्ही टोके एका रिलेला जोडली होती. जोड कसला, दोन तारांचा हाताने दिलेला पीळ आणि वर गुंडाळलेली काळी पट्टी! उन्हाळ्याच्या तापाने पट्टीचा डिंक वितळून गेला होता, तारा काळ्या पडल्या होत्या, आणि उरलेल्या दोन-तीन धाग्यांनी घाटातून घरापर्यंत आमची सोबत करून त्या रात्री प्राण सोडला होता. अलार्मची पेटी निर्दोष होती, रिमोट निर्दोष होता, बॅटरी निर्दोष होती. दोष राखणदाराचा नव्हता. त्याला ज्या दाव्याने बांधले होते, त्या दाव्याचा होता.

आता हा राखणदार आपल्या घरी आला कसा, तेही थोडक्यात पाहू. एके काळी गाडी सुरू करणे हेच कष्टाचे काम होते. लोखंडी हँडल इंजिनाच्या नाकात घालून हिसका द्यावा लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन संशोधकाचा विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि हे कष्ट सरले. पुढे १९४९ साली क्रायस्लर कंपनीने चावी फिरवताच सेल्फ लागण्याची सोय केली. परंतु ज्या सोयीने धन्याचे श्रम वाचले, तीच चोराच्याही पथ्यावर पडली. म्हणून मग चावीतच एक सूक्ष्म खूण दडवून ती ओळखल्याखेरीज इंजिन सुरू न करणारी यंत्रणा कारखान्यांतच बसू लागली. युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून, ऑस्ट्रेलियात २००१ पासून आणि कॅनडात २००७ पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली. तिचा उपयोग झाला नाही, असे कोणी म्हणू नये. नेदरलँड्समधील १९९५ ते २००८ या काळातील आकडे तपासून तेथील अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की या यंत्रणेमुळे गाड्यांच्या चोऱ्या सरासरी चाळीस टक्क्यांच्या आसपास घटल्या.

ज्या गाड्यांत कारखान्याचा हा पहारेकरी नव्हता, त्यांच्यासाठी बाजारातले अलार्म आले. आपल्या नाशिकमध्येही ऑटोकॉप या नावाने अशी उपकरणे तयार होऊ लागली. रात्रीच्या वेळी डॅशबोर्डवर मिणमिणणारा तांबडा दिवा हे जणू गाडीचे कुंकूच ठरले. पुढे असेही झाले, की कारखान्याचा पहारेकरी असलेल्या गाडीतही लोक बाजारातला दुसरा बसवू लागले. एका दारावर दोन राखणदार, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही. तेव्हा गाडी अडली तर प्रथम प्रश्न हाच विचारावा, की अडवतो आहे तो यांतला कोण? कारखान्याच्या पहारेकऱ्याची खूण मीटरच्या काचेत असते. बहुधा चावीचे किंवा कुलपाचे चित्र लुकलुकते. बाजारच्या अलार्मचा दिवा निराळा, काचेबाहेर कोठे तरी चिकटवलेला. चित्र लुकलुकत असेल तर बाजारच्या अलार्मला दोष देऊ नका. मूळची चावी आहे ना, ते पाहा. एकाच कडीत दोन गाड्यांच्या चाव्या चिकटून असतील तर एक बाजूला करून पाहा. एक खूण दुसरीत मिसळून घोटाळा होऊ शकतो.

यापुढचा तपास मी वर्गात गणित सोडवतो त्याच रीतीने सांगतो. आधी दिलेले काय आहे ते पाहायचे, मग विचारलेल्याकडे वळायचे. गाडी सुरू होत नाही, हे एकच वाक्य आपण बोलतो. परंतु त्याच्या पोटात तीन निरनिराळी उदाहरणे आहेत.

पहिले उदाहरण: चावी फिरवली आणि डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही, किंवा लागून मंद झाला. येथे बहुधा बॅटरी उतरली आहे, किंवा तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार चढला आहे. यात अलार्मचा हात असतो, पण तो आडून. अलार्म हा रात्रंदिवस जागा राहणारा पहारेकरी आहे, आणि जागणाऱ्याला थोडे तरी खायला लागतेच. समजा, तो वीस मिलीअँपिअर वीज खातो. ही वीज अगदी थोडी. परंतु महिन्याचे तास ७२०. म्हणजे महिन्याकाठी १४.४ अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरीच मुळी ३५ अँपिअर-तासांची असते. सुट्टीत दोन महिने गाडी झाकून ठेवली, तर राखणदार सारे धान्य फस्त करून बसतो. पुरी भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास आली की ती थकली, असे समजावे. आणखी एक गंमत आहे. थकलेल्या बॅटरीवर सेल्फ मारला की दाब क्षणभर फार खाली जातो. तेवढ्या क्षणात काही अलार्मच्या पेट्यांची शुद्ध हरपते, आणि शुद्धीवर येताच त्या प्रथम पहारा सुरू करतात. मग आपण म्हणतो, अलार्म बिघडला. वस्तुतः बिघडलेली असते बॅटरी.

दुसरे उदाहरण: दिवे लख्ख लागतात, पण सेल्फ फिरत नाही, फार तर खाली कोठे तरी टिक असा बारीक आवाज येतो. काही गाड्यांत क्लच पुरता दाबल्याखेरीज सेल्फ फिरत नाही, तेव्हा ते आधी पाहावे. मग अलार्मच्या दिव्याकडे पाहावे. चावी चालू असतानाही तो लुकलुकत असेल, तर पहारा उठलेला नाही. तुमचा शब्द राखणदारापर्यंत पोचलेला नाही. रिमोट गाडीच्या अगदी जवळ नेऊन बटण दाबावे. जवळून चालतो, लांबून चालत नाही, याचा अर्थ सेल संपत आला आहे. हा सेल किराणा दुकानातही मिळण्याइतका साधा असतो, पण कोणत्या क्रमांकाचा हवा ते आधी लिहून ठेवलेले बरे.

सेल नवा असूनही राखणदार ऐकत नाही, असेही घडते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रिमोट दर खेपेस एकच शब्द पाठवीत नाही. तसे असते तर एखाद्या चोराने तो हवेतून टिपून पुन्हा म्हणून दाखवला असता. म्हणून दर खेपेस नवा शब्द ठरलेल्या क्रमाने पाठवला जातो, आणि पेटी तोच क्रम मनात मोजीत असते. कीलॉक नावाची ही पद्धत १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत निघाली आणि १९९५ साली अमेरिकेतल्या मायक्रोचिप कंपनीने ती विकत घेतली. आता घरातले लहान मूल रिमोट घेऊन खेळत बसले, की रिमोट पाढ्यात पुढे निघून जातो आणि दारातली गाडी मागेच राहते. पेटी सामान्यतः पुढचे सोळा शब्दांपर्यंतचे अंतर निमूटपणे मान्य करते. त्याहून अधिक झाले, तर लागोपाठ दोनदा बटण दाबल्यावर ती पुन्हा पाढ्यात सामील होते. तेव्हा एकदा दाबून न चालल्यास घाबरू नये. गाडीजवळ उभे राहून सावकाश, एकामागून एक दोनदा दाबावे.

एवढ्यानेही भागले नाही, तर शेवटचा उपाय म्हणजे लपवलेले बटण. बहुतेक अलार्मबरोबर एक लहानसे बटण येते. ते सुकाणूखाली किंवा फ्यूजच्या पेटीजवळ दडवून बसवतात. चावी फिरवून ठरावीक सेकंदांच्या आत ते दाबले, की पहारा उठतो. परंतु श्रोतेहो, ते बटण कोठे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? बसवणाऱ्याने ते चोरापासून लपवले आणि धन्यालाही सांगितले नाही. पुस्तिका खणात पडलेली, इंग्रजीत छापलेली, आणि वेष्टनही न काढलेली. माझी तशीच होती.

तिसरे उदाहरण माझे: सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. दिवा लुकलुकत असेल, तर वर सांगितलेलेच उपाय. परंतु दिवा विझलेला असेल, म्हणजे पहारा उठला आहे, आणि तरीही इंजिन धरत नसेल, तर रिमोटशी झुंजण्यात अर्थ नाही. माझ्या गाडीचा दिवा त्या रात्री विझलेलाच होता. राखणदार डोळे मिटून सांगत होता, की मी तुला अडवलेले नाही; आणि मी त्याच्याच मानेवर बसलो होतो. अशा वेळी सेल्फ बंद करावा, चावी परत फिरवावी, गाडीत शांतता करावी आणि पंपाचा आवाज ऐकावा. आवाज नसेल, तर फ्यूज किंवा तोडलेल्या वायरीचा जोड यांपैकी काही तरी गेले आहे. धक्का देऊन ही गाडी चालू होणार नाही. केवळ सेल्फची वायर अडवलेली असेल, तर गिअरची गाडी धक्क्याने चालू होते. पेट्रोलच अडले असेल, तर दहा माणसे लावूनही होत नाही. पाच-सात सेकंदांहून अधिक काळ एका वेळी सेल्फ मारू नये. होती ती बॅटरी जाते आणि हाती काही लागत नाही.

आता ज्या गोष्टीचे मला सर्वांत अधिक महत्त्व वाटते, तिच्याकडे वळतो. हा रिले म्हणजे विजेने उघडझाप करणारे लहानसे दार. ते दोन रीतींनी बसवता येते. एका रीतीत दार एरवी उघडे असते आणि राखणदार जागा असला तरच ते बंद करतो. दुसऱ्या रीतीत दार एरवी बंद असते आणि राखणदाराने परवानगी दिली तरच उघडते. राखणदार झोपला, मूर्च्छित पडला किंवा मेला, तर पहिल्या रीतीत धनी सुटतो, पण चोरही सुटतो. दुसऱ्या रीतीत चोर अडतो, पण धनीही अडतो. आपल्या रेल्वेच्या जुन्या सिग्नलची तार तुटली, तर त्याचा हात वजनाच्या भाराने आपोआप धोक्याच्या जागी जाई; कारण तेथे संशय आला की थांबणे हेच शहाणपण होते. उलट, सभागृहाचे आगीच्या वेळचे दार वीज गेली तरी उघडलेच पाहिजे. कारण तेथे थांबणे हाच घात. म्हणजे पहारेकऱ्याला मूर्च्छा आली तर दार उघडे राहावे की बंद, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ते उत्तर कोण कोठे निघाला आहे, यावर अवलंबून असते. आणि हा प्रश्न आपल्या गाडीपुरता कोणी सोडवला? अलार्म बसवणाऱ्या एका घाईतल्या कारागिराने, अर्ध्या तासात, आपल्याला न विचारता.

शिवाय वायर कोणती तोडावी, हाही निर्णय त्यानेच घेतला. सेल्फची वायर तोडली आणि पुढे तिचा जोड निसटला, तर उभी गाडी उभीच राहते. खोळंबा होतो, जीव जात नाही. पेट्रोलच्या पंपाची वायर तोडली आणि तिचा जोड निसटला, तर चालती गाडी बंद पडते. माझा जोड दारात निसटला. तोच सहा-सात तास आधी तवंदीच्या घाटात, मागून ऊस भरलेला ट्रक उतरत असताना निसटला असता तर? इंजिन बंद पडताच सुकाणू जड होते, आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा पाय दाबताच संपते. त्या उतारावर गाडीत आम्ही उभयता होतो. वायरमनने हे मला सांगितले, तेव्हा मी काही बोललो नाही. त्याने पंपाची वायर मूळच्यासारखी अखंड केली, डाग देऊन पक्की केली, वर ताप लागताच आकसून घट्ट बसणारी नळी चढवली, आणि अलार्मची अडवणूक सेल्फच्या वायरीवर नेली. जाताना म्हणाला, "सर, पट्टीवर विश्वास ठेवू नका."

आपल्या भागातल्या आणखी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. बेळगावच्या पावसाळ्यात बॉनेटखालच्या बटणात पाणी शिरते, ते गंजते, आणि बॉनेट कोणी उघडले आहे असे समजून भोंगा रात्रभर आक्रोश करतो. दरवर्षी पावसाच्या आधी ते पुसून घ्यावे. दुसरी गोष्ट उंदरांची. उबेला येऊन ते वायरी कुरतडतात. आमच्या निपाणीकडे यावर घरचा उपाय आहे: तंबाखूच्या पानांची पुरचुंडी बॉनेटखाली बांधून ठेवतात. उंदीर तिला कितपत भितात हे उंदीरच जाणोत. परंतु पुरचुंडी बदलण्याच्या निमित्ताने महिन्यातून एकदा बॉनेट उघडले जाते, वायरींवर नजर फिरते, हा लाभ काही थोडा नव्हे.

मग अलार्म बसवूच नये काय? असे मी म्हणणार नाही. चोर आहेत तोवर राखणदार हवाच. मात्र त्याला दारावर बसवताना चार गोष्टी विचारून घ्याव्यात. कोणती वायर तोडलीस? रिले कोठे ठेवलास? लपवलेले बटण कोठे आहे? पेटी बंद पडली तर गाडी सुरू होईल की नाही? उत्तरे एका कागदावर मराठीत लिहून त्याची सही घ्यावी आणि तो कागद घरात ठेवावा, गाडीत नव्हे; चोरालाही वाचता येते. दुसरा रिमोट कपाटात न ठेवता महिन्यातून एकदा वापरून पाहावा. घरात जो जो गाडी चालवतो, त्याला ते बटण स्वतःच्या बोटाने दाबायला लावावे. सांगितलेले विसरते, केलेले विसरत नाही. आणि सर्वांत शेवटची, पण माझ्या लेखी पहिली गोष्ट: घरात आजारी माणूस असेल आणि गाडी पाच मिनिटांत सुरू झाली नाही, तर गाडीचा नाद सोडावा. १०८ क्रमांक फिरवावा, शेजारचे दार ठोठवावे. मी ते दार ठोठावले नव्हते. अभिमान म्हणा, गोंधळ म्हणा. माझी गाडी आहे, ती मीच सुरू करीन, या हट्टात वीस मिनिटे गेली. शेजारी आपण होऊन आले, म्हणून आज मी हे आपल्याशी बोलू शकतो. पाहू गेले तर त्या रात्री आमच्या गल्लीत खरा राखणदार तोच होता, आणि त्याच्यासाठी आम्ही कधी एक पैसाही मोजलेला नव्हता.

आई आता बरी आहे. अधूनमधून तिला तपासणीसाठी कोल्हापुरास न्यावे लागते. मागच्या आसनावर ती आपला पदर सावरून बसते. मी चावी हाती घेतली की अक्काचे बोलणे ती हाताने थांबवते. पंप म्हणजे काय आणि तो कोठे असतो, हे तिला आम्ही एकदाच समजावून सांगितले होते. मी चावी फिरवतो. घूं असा तो बारीक आवाज येतो आणि थांबतो. मग आई म्हणते, "बोलला. चल आता."